तळ्याच्या वाटेवरचं अस्वल

आमच्या घरात लग्नकार्य असलं की पंगती उठल्यावर अस्वल निघतं. मांडवातल्या सतरंजीवर पाहुणे कलंडलेले असतात, पानाचं तबक फिरत असतं, आणि कुणीतरी माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला म्हणतं, "जावईबापू, ते अस्वलाचं सांगा की." जावईबापू नको नको म्हणत चष्मा पुसतात आणि सांगतात. राष्ट्रीय उद्यानातली पायवाट, वळणावरचं झुडूप, त्यातून अंगावर आलेलं काळंभोर अस्वल आणि हातात फक्त छत्री. लेकरं एकमेकांना चिकटून बसतात. मी त्या वेळी हटकून पाणी आणायला जातो.

कारण ते अस्वल मी होतो.

एवढं एक वाक्य लिहायला मला उभा जन्म लागला. सरकारी कचेरीत कारकुनी केली, लोकांच्या हजार चुका शेऱ्यानिशी दाखवल्या, पण स्वतःची ही एक तेवढी राहून गेली. आता वय झालंय आणि गुडघ्यांनी सूचना दिलेली आहे, तेव्हा सगळं सरळ सांगून टाकतो. त्या उद्यानाचं नाव मात्र लिहीत नाही. तिथल्या लोकांचा यात काही दोष नाही.

आमचं गाव पेडगाव. वडील लवकर गेले, त्यामुळे बहिणीचं लग्न जमवण्याची जबाबदारी माझ्यावर होती. स्थळ मानवतचं मिळालं. मुलगा शाळेत चित्रकलेचा मास्तर, घरचा चांगला, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. लग्न थाटात झालं. मुलगा चालतो, हे मात्र लग्नानंतर कळलं.

चालतो म्हणजे विनाकारण चालतो. आमचा भाग काळ्या रानाचा, तव्यासारखा सपाट. आमच्याकडे माणूस शेतात जायला चालतो, बाजाराला चालतो, कुणी वारलं तर चालतो. हातात काही न घेता, कुठं जायचं नसताना कुणी रस्त्यानं दिसला तर लोक हमखास विचारतात, "काय हरवलंय?" बिनकामाचा हिंडणारा माणूस बैल शोधत असतो, असा सरळ हिशोब. लग्नानंतर जावईबापू पहिल्यांदा पेडगावला आले आणि सकाळी उठून शिवाराकडं फिरायला गेले. ते परत यायच्या आत गावातली माणसं आमच्या दारात उभी. "जावयाचा बैल सुटलाय म्हणं. कोण्या रंगाचा हाय?"

आत्या ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "बैल घेतला आन् आपल्याला कळवलं बी न्हाई?"

ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. विधवा होऊन आमच्याकडं राहायला आली आणि वडिलांच्या मागं घराची सूत्रं तिच्याकडं गेली. आई गरीब स्वभावाची. आत्या बोलली की आई मान हलवायची, मग ते घराचं मत व्हायचं. बहिणीच्या लग्नात पाठराखीण म्हणूनही आत्याच गेली होती. नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्या सोबत माहेरची एखादी जाणती बाई जाते, चार दिवस राहते आणि परत येऊन कसं काय ते सांगते. मानवतहून परत आल्यावर आत्यानं सांगितलं होतं, "सासू बरी हाय. घर बरं हाय. पाणी खारं हाय. जावयाचं अजून कळंना."

पेडगावच्या त्याच पहिल्या मुक्कामात जावयांनी जाहीर केलं की बायकोला घेऊन राष्ट्रीय उद्यान बघायला जायचं आहे. विदर्भात आहे. तिथं एक पायवाट आहे. सागाच्या रानातून डोंगर चढत, वळणं घेत जाते आणि शेवटच्या वळणावर एकदम खाली तळं दिसतं. शिकत असताना त्यांनी कुठल्याशा मासिकात त्याचं चित्र पाहिलं होतं. तेव्हापासून त्या वळणावर उभं राहायचं त्यांच्या मनात होतं.

"देव कोन्ता हाय तिथं?" आत्यानं विचारलं.

"देव नाही, आत्या."

"मंग नवस बोलला होता का?"

"नवसही नाही."

"मंग डोंगर चढायचा काऊन?"

"तळं बघायला."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, मग हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "बापू, येलदरीच्या धरणात काय ताक भरलंय व्हय? येस्टीत बसा, पानी बगा, दिवस मावळायच्या आत घरी या."

जावईबापू हसले. त्यांना वाटलं आत्या गंमत करते आहे. आत्या गंमत कधीच करत नसे.

शेवटी ठरलं ते असं. नवी नवरी सासर सोडून परमुलखात चालली आहे, तेव्हा पाठराखीण लागणार. म्हणजे आत्या जाणार. दोन बायका आणि एक असा जावई, तेव्हा घरचं एक शहाणं माणूस लागणार. म्हणजे मी जाणार. जावयाच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा कुठं कमी झालं.

निघायच्या आधी बहिणीनं मला गोठ्यामागं बोलावलं. तिच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. म्हणाली, "दादा, आत्या परत येऊन काय सांगंल त्याच्यावर माजं समदं हाय. तिनं एकडाव जावई येडा म्हणलं की ते जल्मभर येडेच. तिला खूश ठेव. आन् त्यांना तेवढं तळं बगू दे. रोज बोलत्यात त्याच्याबद्दल."

मी म्हणालो, "एवढंच ना? दिला शब्द."

तिची पहिली गोष्ट मी केली. ती कशी केली तेच सांगायचं आहे.

आणखी एक बारीक अडचण होती. अंगाला हळद लागलेल्या नवरदेवानं लोखंडाशिवाय बाहेर पडू नये, असा आमच्याकडं दंडक आहे. म्हणून लग्नात हातात कट्यार देतात. कट्यार उसनी आणलेली होती, ती परत गेली. आत्यानं अडकित्ता पुढं केला, तो जावयांनी हात जोडून नाकारला. मग आहेरात आलेली नवी छत्री निघाली. काड्या लोखंडाच्या आहेत ना? आहेत. चालतंय. अशा रीतीनं भर थंडीत, आभाळ आरशासारखं लख्ख असताना, आमचे जावई काखेत छत्री घेऊन निघाले. मी वडिलांची काळी घोंगडी घेतली. अकोल्याकडं थंडी फार असते, असं कचेरीत कुणीतरी म्हणालं होतं.

परभणीहून पूर्णा, पूर्णेहून अकोल्याची छोटी गाडी आणि पुढं एस.टी. ते नामांतराचे दिवस होते. डब्यात समोरच्या बाकावर विद्यापीठाच्या नावावरून दोघांची जुंपली होती, एक बाजूनं आणि एक विरुद्ध, आवाज चढलेले. आत्या बराच वेळ ऐकत राहिली. मग हात वर करून तिनं दोघांना थांबवलं. "त्ये असू द्या घडीभर. तुमी दोघं शिकलेले दिसता. मला सांगा, देव नसलेल्या डोंगरावर मानूस काऊन चढतो?" दोघांनी विचार केला. चढत नाही, यावर त्यांचं एकमत झालं. त्या प्रवासात झालेलं तेवढंच एकमत.

"बगा," आत्या जावयाला म्हणाली. जावईबापू खिडकीबाहेर बघत होते.

उद्यानाच्या चौकीवर एक वनरक्षक होता. शांत माणूस. त्यानं नियम सांगितले. वाट सोडायची नाही. आरडाओरडा करायचा नाही. खाण्याचं काही इकडं तिकडं ठेवायचं नाही. बहिणीनं विचारलं, "अस्वलं हायेत का?" तो म्हणाला, "आहेत. पण तीच तुम्हाला टाळतील. वाटेनं गेलात तर काही होत नाही." हे तिन्ही नियम पुढं तासाभरात मोडले गेले. त्यातले अडीच मी मोडले.

वाट खरोखर देखणी होती, हे कबूल करायला हवं. दोन्ही बाजूंना साग, खाली पापडासारखी वाळलेली पानं, त्यावर पाय पडला की कुरकुर आवाज. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यांत धूर असावा तसं धुकं. झुडपाझुडपांत कोळ्यांची जाळी दवानं भिजून लोंबत होती. एका झाडावर वानरांचं कुटुंब बसलेलं होतं. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि काही हरवलं असेल असं समजून तोंड फिरवलं. जावईबापू पुढं होते. दर थोड्या वेळानं थांबायचे आणि बहिणीला काहीतरी दाखवायचे. पान, पक्षी, दगडावरचं शेवाळ. पण दोघांच्या मध्ये पाठराखीण चालत होती. त्यामुळे जे काही दाखवायचं ते आत्याच्या खांद्यावरून दाखवावं लागायचं.

"त्ये बी पानच हाय," आत्या म्हणायची.

आत्याच्या कडेवर शिदोरीचं गाठोडं होतं. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. तिनं सुरुवातीलाच बजावलं होतं, "तळं दिसल्याबिगर गाठ सुटायची न्हाई." चित्रकलेच्या मास्तरानं तळ्याला जेवढं महत्त्व दिलं होतं, त्याहून मी जास्त देऊ लागलो. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

एका सपाट खडकावर आम्ही दम खायला बसलो. आत्यानं गाठोडं बाजूला ठेवलं आणि डोळे मिटले. जावईबापू आणि बहीण चार पावलं पुढं जाऊन दरीत बघत उभे राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांना इतकं जवळ उभं राहिलेलं मी पाहिलं. तेवढ्यात मी गाठ सोडली, दोन दशम्या आणि चटणीचा गोळा घोंगडीत घेतला आणि गाठ परत बांधली. मग म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं. मी जरा बाजूला जाऊन येतो."

हे वाक्य सभ्य माणसं ज्या कारणासाठी वापरतात ते कारण नव्हतं. झुडपाआड बसून मी दशमी खाल्ली. घाईत खाल्ली. दशमी कोरडी, चटणी त्याहून कोरडी आणि पाणी आत्याकडं. बघतो तर माणसं वळण घेऊन वरच्या वाटेला लागलेली, डोक्यावरच दिसत होती. वाट डोंगराला वळसा घालून जायची. मी म्हटलं, सरळ चढ चढून गेलं तर त्यांच्या आधी वळणावर जाऊन बसता येईल. दादा कसा सगळ्यांच्या पुढं, असंही म्हणतील.

चढ उभा होता. दोन पायांवर जमेना, म्हणून हात टेकले. करवंदीचे काटे तोंडाला लागायला लागले, म्हणून घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. दुसरी दशमी हातात धरून चढता येईना, म्हणून ती सगळीच्या सगळी तोंडात घातली. या प्रत्येक गोष्टीला त्या त्या वेळी चांगलं कारण होतं. अस्वल व्हायचं असं कुणी ठरवून होत नाही.

वर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती, आणि तोंड भरलेलं असल्यामुळे ती नाकातून बाहेर पडत होती. फुर्रर्र, फुर्रर्र. झुडूप बाजूला सारून मी वाटेवर डोकं काढलं. समोर आत्याचे पाय. मी वर पाहिलं.

"अस्वल!" आत्या किंचाळली. "अगं माय, अस्वल!"

मी म्हणालो, "मी आहे." ते बाहेर आलं "हुंब" असं.

आणि मग आमचे जावई, ज्यांनी उभ्या आयुष्यात शाळेतल्या पोराला पट्टी मारली नव्हती, ते आत्याला मागं सारून पुढं झाले. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला होता, हे मला खालून स्पष्ट दिसत होतं. तरी ते पुढं झाले. छत्री दोन्ही हातांनी उचलली आणि घातली. पहिला फटका पाठीवर बसला. दुसरा कमरेखाली, जिथं घोंगडी नव्हती. मी "ऊंऊंऊं" असा बारीक आवाज काढला आणि आलो होतो त्याच मार्गानं गडगडत खाली गेलो.

खालच्या वाटेवर पालापाचोळ्यात पडून मी दशमी गिळली. हाडं जागेवर होती. घोंगडीला काडीनं भोक पाडलं होतं. मी ती झटकली, घडी घातली, खांद्यावर टाकली आणि वाटेनं, नियमाप्रमाणे, वर गेलो. जाताना ठरवलं होतं की सांगून टाकायचं. लोक हसतील, हसू देत.

वर पोचलो तर आत्या वाटेत बसलेली. तिनं जावयाचे दोन्ही हात धरले होते. ज्या माणसाकडं ती लग्नापासून बिघडलेल्या घड्याळाकडं बघावं तशी बघत होती, त्याच्याकडं ती डोळे भरून बघत होती. "वाघ हाय," ती म्हणत होती. "वाघ हाय जावई माजा. म्हातारीला मागं सारलं आन् पुढं झाला." बहीण तिच्या मागं उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या तोंडावर असा आनंद होता की मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

तेवढंच केलं असतं तरी भागलं असतं. पण मी तोंड परत उघडलं आणि विचारलं, "केवढं होतं?"

जावयांनी हात पसरून दाखवलं. प्रामाणिक माणूस, अंदाजानं दाखवलं. मी म्हणालो, "बरोबर. माझ्या समोरूनच गेलं. त्याहून मोठंच होतं."

आत्याला शिदोरीची आठवण झाली. तिनं गाठोडं चाचपलं. "दशम्या नेल्या मेल्यानं! म्या डोळे मिटले व्हते तवाच आलं असंल मागून." मग गाठीकडं बघून ती चकित झाली. "गाठ बी परत मारून गेलं. गुणाचं व्हतं."

ओरडा ऐकून वनरक्षक धावत आला. त्यानं झुडूप पाहिलं, उतार पाहिला. म्हणाला, "अस्वल असं लोळत जात नाही."

"घाबरलं असेल," मी म्हणालो.

त्यानं माझ्या घोंगडीला चिकटलेली सागाची पानं पाहिली. "तुम्हाला लागलंय का कुठं?"

"पडलो जरा."

तो पुरता माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "तुम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय म्हणता, तर मला वाट बंद करावी लागेल. बघा, पक्कं सांगा. तळं फार लांब नाही, ही दोन वळणं राहिलीत." त्यानं मला संधी दिली होती, हे मला आज कळतं. जावईबापू वर वळणाकडं बघत होते. आत्या म्हणाली, "पक्कं म्हंजे? ह्यो शिकलेला मानूस खोटं बोलंल व्हय?"

"पक्कं," शिकलेला माणूस म्हणाला.

आम्ही खाली उतरलो. तळं राहिलं.

पेडगावला पोचल्यावर आत्यानं पाय धुवायच्या आधी, उंबऱ्यातच निकाल सांगितला. "जावई वाघ हाय. पोरीनं नशीब काढलं." गावभर झालं. पण आईनं अस्वल ऐकलं आणि ती रडायलाच लागली. आयुष्यात पहिल्यांदा आत्याला न विचारता ती बोलली. "बापू, माज्या गळ्याची आण हाय. ह्याच्या पुढं जंगलात पाऊल टाकायचं न्हाई. माजी लेक हाय तुमच्या मागं." जावयांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडून त्यांना काही मदत झाली नाही. त्यांनी आण घेतली.

आणि ती पाळली. आई गेली, पण गेलेल्या माणसाची आण कुणाला मागं घेता येते? पुढं कितीतरी वर्षं जावईबापू रानात गेले नाहीत. मानवतजवळून जायकवाडीचा कालवा जातो, त्याच्या भरावावरून चालायला लागले. उजाडताच निघायचे आणि पंपापर्यंत जाऊन परत यायचे. चित्रकलेचे मास्तर, म्हणून तिथं त्यांनी पाट्या रंगवून लावल्या. "निसर्ग पायवाट." "येथून सूर्योदय छान दिसतो." एक पाटी शेतकऱ्यानं मोटारीवर झाकण म्हणून घातली, दुसरी कुणाच्या तरी गाडीला फळी म्हणून लागली. ते नव्या रंगवायचे. रोज भेटणारे लोक रोज विचारायचे, "मास्तर, सापडला का?" एकदा एका भल्या माणसानं त्यांच्या गळ्यात दावं टाकलं, सापडला की बांधायला हाताशी असावं म्हणून. दुसऱ्यानं तर एक भटका बैलच हाती दिला. नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. ते बैल घेऊन घरी आले. बहीण म्हणाली, "अहो, आता ह्याचा मालक शोधत हिंडा."

ते हिंडले. कालव्यानंच.

दसऱ्याला आमच्याकडं शस्त्रं पुजतात. कुणाकडं तलवार, कुणाकडं विळा, कुऱ्हाड. मानवतला त्या छत्रीला हळदकुंकू लागतं आणि वर झेंडूची माळ. मीही एकदोनदा तिला नमस्कार केलेला आहे. मनापासून केला, कारण तिची ताकद माझ्याइतकी कुणाला माहीत नाही.

पण दसऱ्यानंतर दिवाळी यायची, आणि दिवाळीला त्यांच्या हातचं एक चित्र पोस्टानं यायचं. दर वर्षी तेच. पायवाट, साग, वळण, खाली तळं. तळं त्यांनी पाहिलेलं नव्हतं, म्हणून दर वर्षी वेगळं असायचं. एकदा कमळं, एकदा होडी, एकदा पलीकडच्या काठावर हरणं. मी ती सगळी ट्रंकेत, घोंगडीच्या घडीत ठेवायचो. मनाला टोचणी लागायची. पण एव्हाना अस्वलानं त्यांना मान मिळवून दिला होता. आत्या तर शेवटच्या आजारात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायची. कुणाचा मान काढून घेणं बरं नव्हे, असं मी स्वतःला समजावत राहिलो. स्वतःला समजावण्यात कारकून पटाईत असतो.

मागच्या दिवाळीला चित्र आलं त्यात तळं नव्हतं. नुसती वाट होती, वळणापर्यंत, आणि पुढं कागद कोरा सोडलेला.

मी दुसऱ्या दिवशी घोंगडी पिशवीत घालून मानवतची एस.टी. धरली.

बहीण वाटाणे सोलत बसली होती. जावईबापू आरामखुर्चीत, गुडघ्याला पट्टा. मी चहाही न घेता सांगून टाकलं. "बापू, ते अस्वल नव्हतं. मी होतो."

ते माझ्याकडं दयेनं बघत राहिले. "दादा, तुमचं वय झालं. असं होतं. मी ते अस्वल जवळून पाहिलंय."

"मी आतून पाहिलंय."

"त्याचं फुरफुरणं ऐकलंय मी. मेलो तरी विसरणार नाही. आधी हुंब केलं, दुसऱ्या फटक्याला लेकरासारखं रडलं. माणसाला तसा आवाज काढता यायचा नाही."

मी घोंगडीचं भोक दाखवलं. उंदरानं कुरतडलं असेल म्हणाले. दशम्यांचं सांगितलं. अस्वलाला गोड आवडतं म्हणाले. माणसाला निर्दोष सिद्ध करणं सोपं असेल, पण अस्वल सिद्ध करणं फार कठीण आहे.

"दशमी हाय का गं घरात?" मी बहिणीला विचारलं. तिनं आणून दिली. मी ती सगळी तोंडात कोंबली, घोंगडी डोक्यावरून घेतली आणि या वयात, मानवतच्या फरशीवर, हातापायांवर आलो. आरामखुर्चीच्या मागून डोकं काढलं आणि बोटानं भिंतीवरच्या छत्रीकडं खूण केली.

"दादा, उठा, शोभत नाही."

मी फुरफुरलो. त्यांचा चेहरा जरा बदलला. ते उठले, माळेसकट छत्री काढली आणि माझी समजूत घालावी म्हणून पाठीवर हलकी टेकवली.

"हुंब," मी म्हणालो.

छत्री हवेत थांबली. मग त्यांनी दुसऱ्यांदा घातली. ही हलकी नव्हती. जागाही तीच.

"ऊंऊंऊं."

झेंडूच्या पाकळ्या फरशीवर पडल्या होत्या. मी घोंगडीतून बाहेर बघितलं तर जावईबापू खुर्चीत बसलेले, छत्री मांडीवर.

"हेच होतं," ते म्हणाले. मग छत्रीवरची माळ सारखी करत, "इतकी वर्षं मी कालव्यावर बैल शोधत हिंडलो, दादा."

मी घोंगडीखालीच दशमी चावत राहिलो.

बोलली ती बहीण. वाटाण्याची सालं सुपात भरत, मान वर न करता म्हणाली, "आईनं आण घातली ती अस्वलापायी. अस्वल तर हे बसलंय. मंग आण कशाची?" मग माझ्याकडं वळून, "आन् तू मला शब्द दिला व्हतास. अर्धा ऱ्हायलाय."

आम्ही थंडी ओसरायच्या आत गेलो. जावईबापू आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते, गाडीतही फारसे बोलले नाहीत. आत्या नाही, म्हणून पाठराखीण मी. पण मधे चालायचं नाही, सगळ्यांच्या पुढं, त्यांना दिसेल असं चालायचं, असं बहिणीनं ठरवलं. घोंगडी घरी ठेवायची. शिदोरी तिच्याकडं. वाट आता पुन्हा खुली होती, ठिकठिकाणी बाक होते आणि लोकही बरेच होते. आम्ही प्रत्येक बाकावर बसलो. त्या वळणावर करवंदीचं झुडूप अजून होतं. जावईबापू तिथं थांबले, खाली उताराकडं पाहिलं आणि पहिल्यांदा हसले. "बरेच लांब गेला होतात की."

मग ती दोन वळणं. शेवटचं वळण त्यांनी बहिणीचा हात धरून घेतलं.

तळं होतं. कमळं नव्हती, होडी नव्हती, हरणंही नव्हती. नुसतं पाणी, आभाळाच्या रंगाचं, आणि त्याच्यावर वारा. ते बघत उभे राहिले. मी जरा लांब थांबलो. बहिणीनं गाठ सोडली तरी मला कुणी बोलावीपर्यंत मी पुढं गेलो नाही.

शेजारच्या बाकावर एक कुटुंब बसलं होतं. त्यांच्या लहान मुलीनं विचारलं, "आजोबा, इथं प्राणी असतात का?" जावयांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता खरं सांगतील, आणि माझी तयारीही होती.

"असतात तर," ते म्हणाले. "मागच्याच वळणावर मला अस्वल भेटलं होतं. छत्रीनं हाणलं." आणि वळून मला हाक मारली, "दादा, तुम्ही होता ना? सांगा हिला. केवढं होतं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी हात उचलला आणि माझ्याच डोक्यावर टेकवला.

"एवढंच?" मुलगी म्हणाली.

"एवढंच," मी म्हणालो. या वेळी पाणी आणायला गेलो नाही.